बार्शी लाईट : खेळण्यातली नव्हे, पाच टनांच्या हिशोबाची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बार्शी लाईट रेल्वेचं जुनं छायाचित्र छापून आलं. खाली ओळ होती, ‘इंग्रजांची खेळण्यातली गाडी’. छायाचित्रात इंजिन आहे, धूर आहे, खिडकीतून डोकावणारी दोन माणसं आहेत. मागच्या मालवाघिणी मात्र कात्रीने उडवलेल्या दिसतात. नेमकं तिथेच बिनसलं, कारण ही लाईन आधी मालासाठी टाकली गेली होती. वारकरी, आषाढी-कार्तिकीची गर्दी, धावत्या गाडीतून उतरून पुन्हा चढण्याच्या गमती हे सगळं खरं असेल, पण ते नंतरचं. पंढरपूर या लाईनीवर आलं तेव्हा बार्शीचा फाटा चालू होऊन काही वर्षं लोटली होती.

मुळात अडचण साधी होती. जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची मुंबई–सोलापूर लाईन १८६० पर्यंत सोलापूरला पोचली, पण ती बार्शीवरून गेली नाही. ‘बार्शी रोड’ हे नाव मिळालं कुर्डुवाडीच्या स्टेशनला, आणि तिथून बार्शी २१ मैल, म्हणजे जवळजवळ ३४ किलोमीटर. रोड म्हटलं की गाव लांब हे रेल्वेचं जुनंच गणित आहे. बार्शीची बाजारपेठ कापूस, तूर, ज्वारी, तेलबिया यांची. ‘बार्शी तिथे सरशी’ म्हणायचं आणि माल मात्र बैलगाडीतून न्यायचा. एका गाडीत फार तर आठ-दहा क्विंटल, वाटेत मुक्काम, पावसाळ्यात काळ्या मातीत चाक आसापर्यंत रुतलेलं. हा पट्टा जी.आय.पी.च्या नोकरीत असलेल्या एव्हरर्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरच्या नजरेत भरला. १८९५ मध्ये लंडनला कंपनी नोंदवली गेली आणि १८९७ मध्ये बार्शीपर्यंत गाडी धावू लागली. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. (हाच कॅलथ्रॉप पुढे विमानातून उडी मारण्याच्या पॅराशूटवर काम करत होता. खेळण्यातली गाडी बनवणाऱ्याचं हे लक्षण नव्हे.)

‘छोटी’ या शब्दाने गोंधळ होतो. रूळ अरुंद म्हणजे गाडी स्वस्त, एवढंच लोक धरून चालतात. कॅलथ्रॉपचा मुद्दा गेजचा नव्हता, आसावर, म्हणजे चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यावर, किती वजन यावं याचा होता. त्या काळच्या बऱ्याच हलक्या लाईनींवर काय व्हायचं? इंजिनाच्या आसावर समजा नऊ टन, म्हणून रूळ नऊ टनांचा टाकायचा. वाघिणीच्या आसावर मात्र तीन-चार टनच. महागडा रूळ टाकला तो गाडीतल्या एकट्या इंजिनासाठी, आणि ज्यातून पैसा मिळतो तो माल त्याच रुळावर अर्ध्या ताकदीने चालायचा. कॅलथ्रॉपने उलटीकडून सुरुवात केली. यार्डाला ३० पौंडांचा रूळ घ्यायचा, म्हणजे मीटरला जेमतेम १५ किलो. त्याला प्रत्येक आसावर ५ टन झेपतात. मग इंजिन असो, वाघीण असो की प्रवाशांचा डबा, कुणाच्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त येता कामा नये, आणि मालाची वाघीण भरली की ती ५ टनांच्या जवळ पोचलीच पाहिजे. आज मोठ्या लाईनीवर मीटरला ६० किलोचा रूळ असतो. त्यावरून १५ किलोच्या रुळाला हसू नये. त्या १५ किलोंतून जेवढं काम निघालं ते पाहावं.

वाघिणी त्याने चार आसांच्या, दोन बोगींच्या केल्या (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, डब्याखालचा चाकांचा गाडा). लांबी सगळ्यांची सारखी, २५ फूट, आणि सांगाडा दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचा. जाड लोखंडी पट्ट्या जोडून केलेल्या सांगाड्यापेक्षा तो हलका. चार आस गुणिले पाच टन, म्हणजे भरलेली वाघीण २० टनांची. रिकामी वाघीण सहा टनांची धरली तर चौदा टन माल बसतो. बार्शीच्या रस्त्यावरच्या निदान चौदा बैलगाड्यांचा माल तो. वाघिणीचं स्वतःचं वजन जेवढं कमी, तेवढा माल जास्त. दाबलेल्या पत्र्याचा सगळा खटाटोप त्यासाठीच होता.

इंजिनाचंही तेच. लीड्सच्या किटसन कंपनीने बनवलेल्या पहिल्या पाच इंजिनांना ओढीची आठ चाकं आणि मागे चार चाकांची बोगी होती. ओढीचे चार आस गुणिले पाच, म्हणजे रुळाला घट्ट धरून ठेवणारं वजन २० टन. मागची बोगी कोळसा-पाण्याचं वजन वाटून घ्यायची. कोरड्या रुळावर अशा वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकी ओढ मिळते, म्हणजे ४ टन. सपाटीवर एक टन गाडी ओढायला चार किलोची ओढ धरा. शंभरास एक चढ लागला की त्यात आणखी दहा किलोंची भर पडते. चौदा किलोंनी ४,००० किलोंना भागा, उत्तर येतं २८५ टन. त्यातून इंजिनाचे तीसेक टन वजा केले की मागे उरतात २५० टन, म्हणजे भरलेल्या बारा वाघिणी. हे कागदावरचं गणित झालं. पावसाच्या पहिल्या सरीने रुळावरची धूळ आणि तेल भिजून गुळगुळीत झालं की पाचवा हिस्सा सहज सातव्या-आठव्यावर येतो, चाकं जागच्या जागी फिरतात, आणि मग चाकाखाली वाळू सोडत सोडत चढ काढावा लागतो. वाळू कोरडी नसली तर नळीत अडकते. एवढ्याशा गोष्टीवर पुरी गाडी चढावर उभी राहते. बालाघाट चढून येडशीकडे जाताना वाळूची पेटी रिकामी असणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

हा सारा संच भारतात पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे मुद्दाम चढ-वळणांचा रूळ टाकून त्यावर चालवून दाखवला गेला. इंग्लंडमधल्या रेल्वेवाल्यांनी तो पाहिला. १९०४ मध्ये सुरू झालेल्या स्टॅफर्डशायरमधल्या लीक अँड मॅनिफोल्ड या अडीच फुटी लाईनीचा इंजिनिअरही कॅलथ्रॉपच होता. तिच्याकडे पुढे पुन्हा येतो.

आता बिघाडांबद्दल, कारण लाईनीची खरी ओळख तिथे होते. पहिली गोष्ट वाघीण भरण्याची. पाच टनांचा हिशोब कागदावर चोख, पण तो टिकतो हमालाच्या हातावर. दरवाजा मधोमध. घाईत पोती दरवाजाच्या एका बाजूला जास्त रचली गेली तर मालाचा तोल सरकतो. दोन बोगींच्या मध्यांत १५ फूट अंतर धरलं आणि १४ टनांचा तोल दीड फूट सरकला, तर एका बोगीवरचा भार १० टनांवरून ११.४ टनांवर जातो, म्हणजे प्रत्येक आसावर ५.७ टन. वाघिणीचं एकूण वजन बरोबर असल्यामुळे काट्यावर काहीच कळत नाही. रुळाला मात्र कळतं. जास्तीचे सातशे किलो नेमके रुळांच्या जोडावर आपटतात, जोड खाली बसतो, पुढच्या गाडीला तो आणखी खाली मिळतो. काळ्या मातीच्या भागात हे दुप्पट वेगाने होतं. उन्हाळ्यात माती भेगाळते आणि भराव एका बाजूला सुटतो. पावसाळ्यात तीच माती फुगते, चिखल होऊन खडीत चढतो, आणि रुळाखालचा आडवा स्लीपर गाडीखाली पंपासारखा वरखाली होऊ लागतो. अशा ठिकाणी नुसती खडी टाकून भागत नाही. चिखलाने भरलेली खडी उपसायची, चाळायची, बाजूचा चर मोकळा करून पाण्याला वाट द्यायची आणि मगच नवी खडी ठासायची. चर न उघडता खडी ठासली तर ती पुढच्या पावसात पुन्हा गाडलीच म्हणून समजा.

दुसरी गोष्ट आसाच्या पेटीची. जुन्या वाघिणींना आजच्यासारखे रोलर बेअरिंग नव्हते. आसाच्या टोकावर पितळी बेअरिंग टेकलेलं असायचं आणि खाली पेटीत तेलात भिजवलेलं सुताचं वेस्ट, म्हणजे टाकाऊ सुताचा गुंता, कोंबलेलं. ते वेस्ट आसाला खालून चाटत राहिलं पाहिजे. सैल भरलं तर आसाबरोबर गुंडाळलं जाऊन एका कोपऱ्यात गोळा होतं. गच्च भरलं तर तेल वर चढत नाही. पेटीचं झाकण उघडं राहिलं तर धूळ आत जाते, आणि आपल्याकडची धूळ म्हणजे बारीक कानसच. मग पितळ तापतं, आधी जळक्या तेलाचा वास, नंतर धूर. वेळेत लक्षात आलं तर वाघीण जवळच्या स्टेशनात काढून ठेवायची. नाही आलं तर आसाचं टोकच तुटायचं. वाघीण काढून ठेवली की आतला माल अडकला आणि बिल्टी (मालाची रेल्वे पावती) हातात घेतलेला व्यापारी मुंबईत बोंब मारू लागला. म्हणून गाडी थांबली की पेट्यांवरून हात फिरवत जाणारा माणूस ड्रायव्हरइतकाच महत्त्वाचा.

तरीही माल या लाईनीवरून उठला तो यांतल्या कशामुळेही नाही. त्याचं कारण कुर्डुवाडीचा मालधक्का. बार्शीपुढे ही लाईन निजामाच्या हद्दीत लातूरपर्यंत १९११ मध्ये गेली, दुसरीकडे पंढरपूरवरून १९२७ मध्ये मिरजेला पोचली. एकूण २०२ मैल. पण मिरजेच्या टोकाला आणि मध्ये कुर्डुवाडीला गेज बदलायचं. मिरजेत तर पुढे एका काळी मोठी, मीटर आणि छोटी अशी तिन्ही गेजं एकाच गावात होती. जिथे गेज बदलतं तिथे माल एका वाघिणीतून दुसरीत हातांनी न्यावा लागतो.

लातूरहून निघालेली तुरीची एक वाघीण घ्या. शंभर किलोची १४० पोती. मालधक्क्यावर मोजून भरली, दाराला सील, बिल्टी व्यापाऱ्याच्या हाती. कुर्डुवाडीत सील तपासून तोडायचं, टॅली क्लार्कने पोतं न् पोतं मोजायचं आणि शेजारच्या मोठ्या वाघिणीत चढवायचं. जुनी दोन आसांची बंद वाघीण साधारण २२ टन घ्यायची, म्हणजे २२० पोती. पहिल्या छोट्या वाघिणीची १४० संपली, दुसरीतली ८० घेतली की मोठी वाघीण भरली. दुसरीत उरली ६० पोती. ती कुठे न्यायची? पुढची वाघीण त्याच दिशेची असेल तर ठीक. ती मद्रासकडची निघाली तर ६० पोती धक्क्यावर ताडपत्रीखाली बसून राहणार. हिशोब जुळतो तो अकरा छोट्या वाघिणींचा माल सात मोठ्यांत भरल्यावर, १५४ टनांना १५४ टन. एकाच दिशेच्या, एकाच मालाच्या अकरा वाघिणी एकाच दिवशी याव्यात, असं सणासारखं कधी तरी व्हायचं. बाकी दिवशी कुठे छोट्या वाघिणी रिकाम्या व्हायच्या थांबलेल्या, तर कुठे मोठ्या भरायच्या. दोन्हीकडे डेमरेजचा, म्हणजे वाघीण अडकवून ठेवल्याच्या दंडाचा, मीटर चालू.

त्यात हमालांचा लोखंडी हूक. प्रत्येक उचलीला गोणपाटाला एक भोक. एका उचलीला पोत्यामागे पाव किलो सांडलं असं धरलं तरी वाघिणीमागे ३५ किलो. त्याची झाडण गोळा होते, पण ती कुणाची यावरून वाद. पोती कमी भरली तर ती लातूरलाच कमी चढली की कुर्डुवाडीत गेली, हे ठरवायचं कसं? लातूरला मोजताना रेल्वेचा माणूस हजर नसेल तर बिल्टीवर ‘सेड टू कंटेन’ असा शिक्का पडायचा, म्हणजे इतकी पोती आहेत असं पाठवणारा म्हणतो, आम्ही मोजलेली नाहीत. मग नुकसानीचा दावा लढवायलाही जागा उरत नाही. बारा वाघिणींच्या एका गाडीत १,६८० पोती. एका हमालाने दिवसाला शंभर हलवली तरी सतरा माणसं, एकाच गाडीसाठी.

इथे लीक अँड मॅनिफोल्ड आठवते. तिथे कॅलथ्रॉपने हातांनी माल बदलणं टाळलं. मोठ्या लाईनीची वाघीण तशीच उचलून छोट्या गेजच्या खालच्या पातळीच्या गाड्यावर चढवायची आणि गाडा ओढत न्यायचा. मग हीच युक्ती कुर्डुवाडीत का नाही, असं पुष्कळजण विचारतात. उत्तर त्याच पाच टनांत आहे. आपल्याकडची दोन आसांची मोठी वाघीण भरून ३२ टनांची झाली की तिला वाहणाऱ्या गाड्याचं वजन धरून किमान आठ आस लागणार. शिवाय आपलं मोठं गेज साडेपाच फुटी. एवढी रुंद वाघीण अडीच फुटांवर उंच बसवली तर वाऱ्याच्या झोतात आणि वळणावर तोल सांभाळायचा कुणी? ज्या पाच टनांनी लाईन स्वस्त केली, त्याच पाच टनांनी हा मार्ग बंद केला. कॅलथ्रॉपला हे उमगलं नसेल असं वाटत नाही. २१ मैलांच्या फाट्याला एकदा माल बदलणं परवडतं, कारण पर्याय बैलगाडीचा होता. पुढे पर्याय ट्रकचा आला. लातूरच्या डाळमिलच्या दारात भरलेला ट्रक मुंबईत गोदामाच्या दारातच उघडतो. तिथे धक्काही नाही, टॅलीही नाही. त्यानंतर छोट्या गाडीने कितीही धावून उपयोग नव्हता. तिचा वेळ जायचा तो उभं राहण्यात.

पुरवणीतल्या मजकुरात आणखी एक घोटाळा आहे. बार्शी लाईट ‘अखेरपर्यंत इंग्रज कंपनीच्या मालकीची होती’ असं लिहिलं आहे. ती हकीकत विदर्भातल्या ‘शकुंतला’ गाडीच्या लाईनीची, यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूरची, जिच्यामागे किलिक निक्सन ही इंग्रज कंपनी होती. बार्शी लाईट सरकारने १ जानेवारी १९५४ रोजी विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत आली. दोन्ही अडीच फुटी, दोन्ही कापसाच्या मुलखातल्या, म्हणून एकीची कागदपत्रं दुसरीला चिकटवू नयेत.

पुढे ही लाईन मोठ्या गेजची करताना नुसते रूळ लांब सरकवून भागलं नाही. पाच टनांच्या आसासाठी बांधलेले पूल आणि भराव वीस टनांच्या आसाला चालत नाहीत, आणि अडीच फुटीला चालणारी वळणं साडेपाच फुटीला फार तीव्र. काही भागात मार्गच बदलला. जुनी लाईन उस्मानाबाद शहराला टाळून जायची, नवी शहरातून गेली, म्हणून आजच्या धाराशिवला स्टेशन मिळालं. लातूरकडचं काम २००८ च्या सुमारास झालं, पंढरपूर–मिरज २०११ च्या आसपास.

त्याचा फरक किती, हे एप्रिल २०१६ मध्ये साऱ्या देशाने पाहिलं, पण कुणी हिशोब मांडला नाही. लातूरला पाणी नेणारी पहिली गाडी मिरजेहून निघाली ती याच मार्गाने, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत, आणि १२ एप्रिलला पोचली. दहा टँकर वाघिणी, प्रत्येकीत ५०,००० लिटर. पुढे ५० वाघिणींची गाडी धावली, म्हणजे एका फेरीत २५ लाख लिटर. हेच पाणी जुन्या लाईनीवरून न्यायचं असतं तर चौदा टनी १७९ वाघिणी लागल्या असत्या. बारा-बाराच्या पंधरा गाड्या. आणि पाणी मिरजेतच भरलं असल्यामुळे गेज बदलायचा प्रश्नही आला नसता, तरीही पंधरा. सांगोल्याहून २८ डिसेंबर २०२० रोजी पश्चिम बंगालमधल्या शालिमारला निघालेली शंभरावी किसान रेलही जुन्या लाईटच्याच मुलखातली. भाजीपाला आणि फळं एकदा भरली की वाटेत वाघीण बदलायची नव्हती. कुर्डुवाडीच्या धक्क्यावर रात्रभर थांबलेल्या डाळिंबाचं काय झालं असतं ते कुणाही बागाईतदाराला विचारावं.

आता छायाचित्राविषयी एक विनंती. मूळ प्रत आपल्याकडे असेल तर ती न कापता पुन्हा छापावी. मालवाघिणीच्या कुशीवर पांढऱ्या रंगात दोन आकडे लिहिलेले असतात, एक रिकाम्या वाघिणीच्या वजनाचा, एक मालाच्या वजनाचा. ते वाचता येतील एवढ्या मोठ्या आकारात छापावं. दोन्हींची बेरीज करून चारने भागली की उत्तर पाचच्या आसपास येतं का, हे वाचकांना घरबसल्या पाहता येईल. इंजिनाचा धूर थोडा कापला गेला तरी हरकत नाही.

आपला,
एक वाचक, कुर्डुवाडी (जि. सोलापूर)